मु. पो. वरचा वाडा

पत्ता लिहिणे हा एके काळी शाळेतला रीतसर पाठ होता. इयत्ता चौथीच्या मुलांच्या हाती पोस्टकार्ड देऊन आम्ही उजव्या बाजूच्या ओळी त्यांच्याकडून भरून घेत असू. आधी नाव, मग 'मु. पो.', मग तालुका, शेवटी जिल्हा. लहानाकडून मोठ्याकडे चढत जाणाऱ्या त्या पायऱ्या मुलांच्या एकदा ध्यानात आल्या, की भूगोलाचा निम्मा धडा शिकविल्यासारखे होई. टपाल खाते हाच जिना वरून खाली उतरत असे: आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, आणि शेवटच्या पायरीवर पोस्टमन उभा असे. गावाच्या आतले सारे त्याला ठाऊक असल्यामुळे 'दत्तमंदिराच्या पाठीमागे' एवढ्या खुणेवर पत्र बिनचूक घरी पोहोचे.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आपणां मराठी कुटुंबांच्या पत्त्याला आणखी एक पदर असतो. आजोबांच्या पत्रावर 'बडोदे' असते आणि रेल्वेच्या तिकिटावर 'वडोदरा'. घरात 'इंदूर' म्हणावयाचे आणि स्टेशनवरच्या पाटीवर 'इंदौर' वाचावयाचे. बोलण्यात 'ग्वाल्हेर', अर्जात 'ग्वालियर'. आमच्या बेळगावची कथा तर सर्वश्रुत आहे. इंग्रजीतले 'बेलगाम' 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारदप्तरी 'बेळगावी' झाले, आणि आमच्या घरांत ते होते तसे 'बेळगाव'च राहिले. गाव एकच, माती एकच. हाका मारण्याच्या रीती तेवढ्या तीन. माणसांना याची अडचण भासत नाही. यंत्राला भासते, आणि ती कशी भासते हे जवळून पाहण्याचा योग आम्हांस नुकताच आला. त्याचीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

नावांच्या या गोंधळावर देशभर चालेल असा उपाय प्रथम योजला तो एका मराठी माणसाने. श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे व्यासंगी कवी. एकाच नावाची अनेक गावे, अर्धवट पत्ते आणि भाषा-भाषांतली निरनिराळी लेखने यांतून पत्रांची सुटका व्हावी म्हणून त्यांनी योजलेला सहा आकडी पिन 15 ऑगस्ट 1972 रोजी अमलात आला. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून टपाल-वर्गीकरणाचा जिल्हा, उरलेले तीन वाटपाच्या कचेरीचे. 590001 म्हटले की बेळगाव. मग ते कोणत्या लिपीत लिहिले आहे याच्याशी पत्राला कर्तव्य उरले नाही. शब्दांवर प्रेम करणाऱ्या कवीनेच पत्त्याला शब्दांच्या तावडीतून सोडवावे, ही गोष्ट आम्हांस नेहमीच मोठी गमतीची वाटत आली आहे.

परंतु पिनने टपाल कचेरी सापडते. वस्ती सापडत नाही. खानापूर तालुक्यातल्या आमच्या डोंगराळ मुलखात एकेका पिनखाली कितीतरी वाड्या येतात. आणि 2024 च्या दिवाळीनंतर वरिष्ठ कचेरीतून आमच्याकडे जे काम आले, ते नेमके वाड्यांचेच होते.

परिसरातील सतरा वाड्या-वस्त्यांची यादी सोबत होती. प्रत्येकीचे अक्षांश-रेखांश आणि तिथून सर्वांत जवळच्या दुसऱ्या शाळेचे अंतर, असा तक्ता आठ दिवसांत पाठवावयाचा होता. पत्रात कारण दिलेले नव्हते. पण ज्यांनी सरकारी शाळेत उभे आयुष्य काढले, त्यांना कारण विचारावे लागत नाही. ज्या शाळांचा पट अगदी लहान, त्या शेजारच्या शाळेत विलीन करता येतील काय, हे पाहावयाचे असणार. यादीत एक वस्ती होती वरचा वाडा. तिथे गवळी-धनगरांची घरे, पाचवीपर्यंतची एकशिक्षकी शाळा आणि पटावर नऊ मुले. तिला सर्वांत जवळची दुसरी शाळा म्हणजे आमचीच. ती नऊ मुले आमच्याकडे आली असती तर आमचा घसरता पट सावरला असता, हेही येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. तक्ता भरणाऱ्याचा त्यात हितसंबंध होता.

आमचा भाचा बेळगावास अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो रविवारी घरी आला होता. यादी पाहून म्हणाला, "मामा, हे हाताने कशाला करता? दहा-बारा ओळींचं काम आहे. लायब्ररी आहे त्याला."

लायब्ररी म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढे पुस्तकांची कपाटे आली. त्याने समजावून सांगितले ते असे. संगणकाला आज्ञा देण्याच्या ज्या भाषा आहेत, त्यांपैकी पायथॉन ही एक. एकाने एकदा लिहून, पारखून ठेवलेल्या आज्ञांचा संच दुसऱ्या कोणालाही आयता वापरता यावा म्हणून तो बांधून ठेवतात. त्या गाठोड्याला लायब्ररी म्हणतात. त्याने आणलेल्या गाठोड्याचे नाव जिओपाय. ठिकाणाचे नाव दिले असता त्याचे अक्षांश-रेखांश शोधणे, याला जिओकोडिंग म्हणतात. आणि अक्षांश-रेखांश देऊन तेथला पत्ता मागणे, ही त्याची उलट क्रिया. जिओपाय स्वतः यांतले काहीच जाणत नाही. इंटरनेटवर ही माहिती पुरविणाऱ्या ज्या अनेक सेवा आहेत, त्यांच्याशी बोलण्याची रीत तेवढी त्याला अवगत आहे.

आम्हांला चटकन आठवले ते कचेरीच्या दाराशी पेटी मांडून बसणारे अर्जनवीस. पक्षकाराने आपले म्हणणे साध्या बोलीत सांगावे आणि अर्जनवीसाने ते त्या-त्या कचेरीच्या नमुन्यात बसवून द्यावे. मामलेदाराचा नमुना वेगळा, कोर्टाचा वेगळा; अर्जनवीस मात्र तोच. गूगल, हिअर, आर्कजीआयएस, नॉमिनॅटिम अशा कितीतरी कचेऱ्या. प्रत्येकीची विचारण्याची पद्धत निराळी, उत्तराचा कागद निराळा. जिओपायला आपण एकाच साध्या शब्दात विचारतो. नमुने भरणे, आलेल्या उत्तरातून नाव, अक्षांश, रेखांश निवडून समोर ठेवणे हे तो पाहतो. उपमा ऐकून भाचा हसला; पण चुकीची म्हणाला नाही.

यांतल्या पुष्कळ कचेऱ्यांना आधी नाव नोंदवून किल्ली घ्यावी लागते आणि काहींना दामही मोजावा लागतो. आम्ही नॉमिनॅटिमची निवड केली. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ 'नावावरून' असा आहे, हे कळल्यावर आमच्यातला भाषेचा मास्तर सुखावला. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा जो नकाशा 2004 साली स्टीव्ह कोस्ट यांनी इंग्लंडमध्ये सुरू केला आणि जो जगभरचे स्वयंसेवक आपापल्या गावची भर घालून वाढवीत असतात, त्या नकाशाची ही शोधसेवा. पैसे नाहीत, किल्ली नाही. परंतु शिस्त कडक. विचारणाऱ्याने आपल्या कामाचे नाव सांगितले पाहिजे, नाही तर जिओपाय स्वतःच अर्ज पुढे सरकवीत नाही. एका सेकंदात एकापेक्षा अधिक प्रश्न विचारावयाचा नाही. मिळालेले उत्तर जपून ठेवावयाचे. तेच ते पुन्हा विचारून फुकटच्या पाणपोईवर गर्दी करावयाची नाही. दोन प्रश्नांत योग्य अंतर राखण्याचीही सोय जिओपायमध्ये आहे. मुलांना रांगेत उभे करणाऱ्या माणसाला हे सारे नियम मनापासून पटले.

आता पहिली गंमत. भाच्याने कचेरीची यादी जशीच्या तशी यंत्राला दिली. 'मु. पो.' ही अक्षरे यंत्राला कळेनात, म्हणून ती काढली. 'मारुतीच्या देवळाजवळ' हेही काढले. ज्या खुणेवर पोस्टमन चालत येतो, त्याच खुणेपाशी यंत्र अडते. मग उत्तरे आली. सतरांपैकी सहा वस्त्या बरोबर जागी सापडल्या. चार सापडल्या त्या भलत्याच ठिकाणी: दोन कोकणात, एक कोल्हापूरकडे, एक गोव्यात. उरलेल्या सात नावांपुढे यंत्राने 'नन' असे लिहिले. म्हणजे काही नाही.

भलत्या ठिकाणच्या उत्तरांत यंत्राचा दोष म्हणावा तर तोही नाही. आपल्या पूर्वजांनी गावांना नावे देताना पुढे कोणी सारा देश एका यादीत मांडील, असा विचार केला नव्हता. खानापूर आमच्याकडे आहे, सांगली जिल्ह्यातही आहे. शहापूर बेळगावात आहे, ठाणे जिल्ह्यात आहे, यादगीर जिल्ह्यातही आहे. बेळगावातच खडेबाजार म्हटले की शहरातला की शहापुरातला, हे विचारावे लागते. यावर जिओपायमध्ये उपाय आहेत. केवळ भारतातली उत्तरे द्यावीत असे सांगता येते. नकाशावर चौकट आखून 'या चौकटीबाहेर पाहू नकोस' अशी ताकीद देता येते. किंवा पहिले सापडलेले उत्तर न घेता सर्व नामसाधर्म्याची यादी मागून आपण निवड करता येते. भाच्याने तालुक्याभोवती चौकट आखली. त्याबरोबर कोकण, कोल्हापूर आणि गोव्यातल्या चारही वस्त्या यादीतून गेल्या आणि त्यांच्याही पुढे 'नन' आले. सहा सापडल्या, अकरा नाहीत. खोट्या उत्तराऐवजी उत्तर नाही असे कळणे, ही आमच्या मते प्रगतीच होती. वर्गातही 'येत नाही' म्हणणारा मुलगा आम्हांस ठोकून देणाऱ्या मुलापेक्षा अधिक आवडतो.

या अकरांत वरचा वाडा होताच. ते नाव यंत्राला सापडावे तरी कसे? 'वरचा' म्हणजे कोणाच्या वरचा? खालच्या गावात उभे राहून डोंगराकडे बोट दाखविणाऱ्यालाच त्या नावाचा अर्थ. महसुलाच्या कागदात त्याचे नाव निराळेच आहे, आणि ते नाव वाड्यावरच्या एकाही माणसाच्या तोंडी नाही.

तेव्हा पुढच्या शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर भाच्याला घेऊन आम्ही चालत निघालो. विल्यम लॅम्ब्टन यांनी 1802 साली मद्रासेजवळ पायारेषा आखून देशाच्या महामापनास प्रारंभ केला आणि ते काम करता करताच 1823 मध्ये हिंगणघाट येथे देह ठेवला, हे आम्ही सातवीला शिकवितो. एकेक बिंदू ठरविण्यासाठी त्या माणसांनी काय हाल सोसले! आता खिशातल्या फोनवर आकाशातले उपग्रह क्षणभरात बिंदू ठरवून देतात. तरीही तो फोन घेऊन त्या जागेवर कोणीतरी पायांनी जावे लागते, हे मात्र बदललेले नाही.

वाड्याच्या आणि आमच्या गावाच्या मध्ये एक ओढा आहे. दसऱ्यानंतर पाणी उतरले की वाड्यावरची माणसे त्यावर लाकडे आणि बांबू टाकून साकव बांधतात. आम्ही त्याच साकवावरून गेलो. वाड्यावर एका म्हाताऱ्या बाईंनी ताक दिले. फोन धरून उभ्या असलेल्या भाच्याकडे पाहत त्यांनी विचारले, "काय मापतायसा गुरुजी?"

"शाळेपासनं इथवरचं अंतर," आम्ही म्हणालो.

"कुठल्या दिवसातलं?" बाईंनी विचारले. "साकव हाय तंवर पोरं खेळत-खेळत जात्यात. मिरगाचा पाऊस लागला की साकव जातोय. मग सडकंनं पुलावरनं फिरून जायाचं. न्हायतर ऱ्हायाचं घरातच."

ज्या प्रश्नासाठी तक्त्यात रकानाच नव्हता, तो प्रश्न त्या निरक्षर बाईंनी एका श्वासात विचारला होता.

घरी येऊन भाच्याने दोन बिंदूंमधले अंतर काढले. वाचकांपैकी विद्यार्थ्यांना उपयोगी पडावी म्हणून ही क्रिया थोडी विस्ताराने सांगतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर. रेखांशाचा अंश मात्र ध्रुवाकडे जावे तसतसा आखडत जातो. आमच्या अक्षांशावर तो सुमारे 107 किलोमीटर भरतो. त्यामुळे अंशांची वजाबाकी करून भूमितीतला पायथागोरस लावणे पुरेसे नाही. जिओपायमध्ये यासाठी दोन रीती आहेत. एक पृथ्वीला 6371 किलोमीटर त्रिज्येचा शुद्ध गोल मानते. दुसरी तिचा ध्रुवांशी चपटलेला खरा आकार धरते. विषुववृत्ताशी त्रिज्या 6378 किलोमीटर आणि ध्रुवाशी 6357, एवढाच काय तो फरक. पण दूरच्या अंतरांत तो जाणवतो. दशांशानंतर पाच स्थळे लिहिली की बिंदू सुमारे एक मीटरपर्यंत नेमका होतो. आणि क्रम पाळावा लागतो: आधी अक्षांश, मग रेखांश. सर्वच सेवा हा क्रम पाळीत नाहीत, काहींना रेखांश आधी लागतो. आमच्या तालुक्याचे आकडे उलटे लिहिले तर बिंदू थेट नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या थंडगार समुद्रात जाऊन पडतो!

वरचा वाडा ते आमची शाळा: 940 मीटर.

भाचा गप्प झाला. आम्हीही झालो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याखाली केंद्राने 2010 साली जे नमुना नियम केले, त्यांत पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी शाळा 1 किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे. सहावी ते आठवीसाठी मर्यादा 3 किलोमीटर. 940 हा आकडा एक किलोमीटरच्या आत बसतो. तो रकान्यात लिहिला असता तर वरच्या वाड्याची शाळा कागदावर तिथल्या तिथे अनावश्यक ठरली असती, आणि लिहिणाऱ्याला खोटे लिहिल्याचा दोषही कोणी देऊ शकले नसते.

परंतु त्याच नियमात दोन शब्द आहेत: चालत जाण्याचे अंतर. 940 मीटर हे कावळ्याचे अंतर. सहा वर्षांच्या मुलाला पंख नसतात.

चालण्याचे अंतर काढण्यासाठी वेगळी सेवा लागते. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे घडलेली ओपनरूटसर्व्हिस ही त्यांतली एक. तिचीही पायथॉनमधली लायब्ररी आहे, किल्ली विनामूल्य मिळते, आणि पायी जाणाऱ्यासाठी वाट काढण्याची सोय आहे. तिने उत्तर दिले 4.6 किलोमीटर. कारण उघड होते. नकाशात सडक होती, पूल होता. पायवाट नव्हती आणि साकवही नव्हता. ठाऊक असलेल्या वाटेनेच तिने मुलांना नेले.

"मामा, झालं काम!" भाचा म्हणाला. "4.6 लिहा. आणि ती पायवाट नकाशात घालू नका. घातली की आकडा खाली येणार."

त्याचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. साकवावरून प्रत्यक्ष चालून आम्ही अंतर मोजले होते, ते 1.4 किलोमीटर होते. एक किलोमीटरच्या वरच, पण 4.6 इतके जोरकस नाही. वाट नकाशाबाहेर राहिली तर वाड्याचा पक्ष बळकट. वाट नकाशात आली तर तो लंगडा. शिवाय नकाशा सर्वांचा. आम्ही न घातली तर ती वाट उद्या दुसरा कोणी घालील, न घातल्याचा जाब आम्हांला कोणी विचारणार नाही.

आम्ही त्याला म्हणालो, "बाळ, सडकेचा आकडा पावसाळ्यात खरा आहे आणि साकवाचा उन्हाळ्यात. त्यातला सोयीचा तेवढा लिहायचा, तर 940 लिहिणारा आणि आपण यांत फरक काय राहिला?"

तक्ता पाठविला तो असा. दिलेल्या रकान्यात 'सोबतच्या टिपेत पाहावे' एवढे लिहिले आणि टिपेत तीन आकडे दिले. सरळ रेषेत 0.94 किलोमीटर, ज्या वाटेने कोणी चालू शकत नाही. साकवावरून 1.4 किलोमीटर, दसऱ्यापासून मृगापर्यंत. सडकेने 4.6 किलोमीटर, उरलेले दिवस. खाली एक वाक्य जोडले: शाळेचे नवे वर्ष पाऊस सुरू होतानाच सुरू होते. सतराही वस्त्यांची अशीच तपासणी केली. पाच ठिकाणी सरळ रेषेचे अंतर आणि पायांचे अंतर यांत दुपटीहून अधिक तफावत निघाली.

दुसरे काम त्यानंतर महिनाभर चालले, आणि आम्हांस त्याचे समाधान पहिल्याहून अधिक आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर एकाच बिंदूला अनेक नावे नोंदविता येतात. मुख्य नावाशेजारी मराठी नाव, कन्नड नाव, इंग्रजी नाव, जुने नाव, पर्यायी नाव, आणि तेथल्या लोकांच्या तोंडचे नाव, अशा स्वतंत्र जागा आहेत. एक लिहिण्यासाठी दुसरे पुसावे लागत नाही. आमच्या शाळेतील कन्नडच्या बाईंनी कन्नड नावांचे लेखन तपासून दिले, मराठीचे आम्ही पाहिले, आणि सातवीच्या मुलांनी आपापल्या वाडीतल्या वडीलधाऱ्यांना विचारून नावांची यादी आणली. नकाशाचा दंडक असा, की प्रत्यक्ष जागेवर जे आहे आणि लोक जे वापरतात तेच लिहावे. मनचे लिहू नये. मुलांना तो फार लवकर कळला. एका ठिकाणी दोन भावांत वाडीच्या नावावरून वाद निघाला, तेव्हा दोन्ही नावे नोंदली आणि वाद मिटला. मोठ्या माणसांचे वाद असे मिटते तर किती बरे झाले असते! पायवाट घातली, ओढा घातला, साकव घातला. आणि साकव केवळ कोरड्या दिवसांत असतो, अशी नोंदही केली. घरांची वा मुलांची नावे मात्र कोठेही घातली नाहीत. वस्तीचे नाव जगाचे, घरातल्या लेकरांची माहिती घरची.

काही दिवसांनी भाच्याने पुन्हा तीच दहा-बारा ओळींची आज्ञावली चालविली. अकरांपैकी एकाही नावापुढे 'नन' आले नाही. 'वरचा वाडा, खानापूर' असे देवनागरीत विचारले, आणि यंत्राने मुकाट्याने अक्षांश-रेखांश पुढे ठेवले. उलट, बिंदू देऊन मराठीत पत्ता मागितला, तेव्हा उत्तरात वाड्याचे नाव मराठीत, मधले काही शब्द इंग्रजीत असे कडबोळे आले. ते शब्द कोणी मराठीत लिहिलेले नाहीत, इतकेच. जिओपाय तीच राहिली होती. तिच्या एका अक्षरालाही कोणी हात लावला नव्हता. बदलले होते ते पलीकडच्या वहीतले. अर्जनवीस कितीही हुशार असला, तरी कचेरीच्या वहीत जे कोणी लिहिलेच नाही ते तो काढून देणार कोठून?

तक्त्याचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. जानेवारीत कचेरीतून एका कारकुनाचा दूरध्वनी आला: "सर, तीनपैकी कोणता आकडा धरायचा?" आम्ही म्हणालो, "जूनमधला." त्यानंतर लेखी असे काही आले नाही. 2025 च्या जूनमध्ये वरच्या वाड्याची शाळा उघडली. पाचवी झालेली एक मुलगी आमच्याकडे सहावीत आली; तिथे आठ मुले उरली. आमच्या टिपेमुळे ती शाळा राहिली की अन्य काही कारणाने, हे आम्हांस कळलेले नाही. आणि पुढच्या वर्षी ती राहीलच, असेही कोणी सांगितलेले नाही. ती सहावीतली मुलगी पावसाळ्याचे दिवस गावात मावशीकडे राहून काढते. साकवाच्या जागी पक्की फरशी व्हावी म्हणून आम्ही जो अर्ज लिहिला आहे, त्यालाही अक्षांश-रेखांश जोडले आहेत.

मे 2025 मध्ये टपाल खात्याने डिजिपिन नावाची नवी योजना आणली. सुमारे चार मीटर लांब-रुंद एवढ्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांची खूण दिली आहे. वेलणकरांचा पिन कचेरीपर्यंत पोहोचत असे. हा थेट उंबऱ्यापर्यंत पोहोचेल. पुराच्या वा आजाराच्या वेळी तो मोठाच आधार ठरावा. परंतु दहा अक्षरांच्या खुणेत वरचा वाडा का 'वरचा', हे सांगण्याची ताकद नाही. ती नावातच असते, आणि नाव जिभेवरून वहीत उतरविले तरच टिकते.

म्हणून हे लिहिण्याचा प्रपंच. बडोद्याच्या दांडिया बाजारात आणि रावपुऱ्यात, इंदूरच्या रामबागेत, ग्वाल्हेरच्या लष्करात, हैदराबादच्या काचीगुड्यात आपल्या माणसांनी ठेवलेली बोळांची, वाड्यांची, विहिरींची, घाटांची कितीतरी नावे आज केवळ सत्तरी-ऐंशीच्या जिभांवर उरली आहेत. यंत्राशी बोलण्याची विद्या मात्र विशीतल्या बोटांत आहे. ही दोन माणसे बहुतेक घरांत एकाच छपराखाली राहतात. एखाद्या सुट्टीच्या दुपारी त्यांना शेजारी-शेजारी बसवावे, आजीने सांगावे, नातवाने लिहावे. शेजारच्या भाषेतले नाव आधीपासून तिथे असेल, तर त्याला धक्का लावू नये. आपले त्याच्या जोडीला ठेवावे. जागा पुष्कळ आहे.